आज तिथी कुठली? पंचांगाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सहज एक ओळ टाकली होती, की पंचांगातलं काही अडलं असेल तर विचारा. एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं! आधीच सांगते, मी ज्योतिषी नाही आणि पत्रिका बघत नाही. शाळेत वर्षानुवर्षं गणित शिकवलं आणि आमच्या आजोबांकडून पंचांग वाचायला शिकले, एवढंच माझं भांडवल. त्यामुळे 'लग्न कधी जमेल' टाइपचे प्रश्न बाजूला ठेवलेत, राग मानू नका.

ताई, किचनमधल्या कॅलेंडरवर कधीकधी तिथी गायबच असते, द्वितीयेनंतर डायरेक्ट चतुर्थी! आणि कधी लागोपाठ दोन दिवस एकच तिथी. मुलगी सातवीत आहे, ती म्हणते प्रिंटिंग मिस्टेक आहे. तिला काय सांगू?
– एक आई, पुणे

मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या, कारण मोठी माणसं हा प्रश्न विचारतच नाहीत, कॅलेंडरवर आहे ना मग असेल असं म्हणून पुढे जातात.

गोची अशी आहे की तिथी म्हणजे दिवस, असं आपण धरून चालतो. तिथी हा दिवस नाहीच, ते अंतर आहे. आकाशात सूर्य रोज साधारण १ अंश सरकतो आणि चंद्र साधारण १३ अंश, म्हणजे चंद्र रोज सूर्याला १२ अंशांनी मागे टाकतो. अमावस्या संपते तेव्हा दोघं एका रेषेत असतात, तिथून चंद्र १२ अंश पुढे गेला की प्रतिपदा संपली, २४ अंश झाले की द्वितीया संपली, असं करत ३६० अंशांत ३० तिथ्या. आता चंद्र काही एका स्पीडने चालत नाही, पृथ्वीच्या जवळ असला की जोरात पळतो आणि लांब गेला की रेंगाळतो, त्यामुळे हे १२ अंश कापायला त्याला कधी २० तास पुरतात तर कधी २६ तासांच्याही वर लागतात. सरासरी काढली तर २३ तास ३७ मिनिटं. शिवाय तिथी दुपारी संपेल, रात्री पावणेतीनला संपेल, कधीही संपेल, तिला घड्याळाशी काही देणंघेणं नाही.

मग दिवसाला नाव कुठल्या तिथीचं द्यायचं? इथे आमच्या शाळेतली हजेरी आठवा. रोज सूर्योदयाला हजेरी होते. त्या क्षणी जी तिथी वर्गात हजर, तिचं नाव त्या दिवसाला. समजा सोमवारी सूर्योदय साडेसहाला आहे आणि तृतीया लागली सहा पन्नासला, म्हणजे हजेरी झाल्यावर आली, आणि मंगळवारी पहाटे पाच वीसला संपली, म्हणजे पुढच्या हजेरीच्या आधीच घरी गेली. साडेबावीस तास होती बिचारी, पण एकाही हजेरीला नव्हती. ही क्षयतिथी. ती गायब झालेली नसते, तुमच्या सोमवारच्या चौकोनात बारीक अक्षरात कुठेतरी तिची वेळ लिहिलेली सापडेल. उलट एखादी तिथी गुरुवारी सहाला आली आणि शुक्रवारी सव्वासातला गेली की दोन्ही दिवशी हजर, ती वृद्धी तिथी.

आणि लेकीला गणित आवडत असेल तर हेही सांगा की १२ चांद्र महिन्यांत तिथ्या ३६० आणि दिवस मात्र ३५४, म्हणजे गाळलेल्या तिथ्या डबल आलेल्या तिथ्यांपेक्षा सहाने जास्त असायलाच हव्यात. एक वर्षाचं कॅलेंडर घेऊन तिला मोजायला बसवा. तेवढाच वेळ मोबाइल बाजूला राहील!

सासूबाई मुंबईच्या, मी लग्न होऊन नागपूरची. त्या आमच्याकडे आल्या की संकष्टीला मुंबईची चंद्रोदयाची वेळ बघतात, आणि ती होईपर्यंत ताट वाढू देत नाहीत. इकडे चंद्र गॅलरीतून चक्क दिसत असतो. कोण बरोबर?
– एक भुकेली सूनबाई, नागपूर

तुम्ही बरोबर, पण हे माझं नाव सांगून म्हणा, तुमच्या जिवावर नको.

मुंबई आहे ७३ रेखांशाच्या जरा अलीकडे आणि नागपूर ७९ च्या जरा पलीकडे, फरक सव्वासहा अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे नागपूरला सूर्य काय चंद्र काय, मुंबईच्या साधारण २५ मिनिटं आधी उगवतो. घड्याळ मात्र आपण सगळ्या देशाचं एकच लावलंय. म्हणून बऱ्याच पंचांगांत गावोगावच्या वेळांचा तक्ता असतो, त्यातली नागपूरची ओळ सासूबाईंना दाखवा, छापलेलं असलं की पटतं.

जाता जाता, संकष्टीच्या दिवशी कॅलेंडरवर तृतीया लिहिलेली दिसली तर घाबरू नका. संकष्टीची हजेरी सूर्योदयाला नसते, चंद्रोदयाला असते. चंद्र उगवताना चतुर्थी पाहिजे, मग सकाळी काही का असेना.

२०२४ च्या दिवाळीत आमच्या न्यू जर्सीच्या मराठी ग्रुपवर नुसता गोंधळ. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, इथले नॉर्थ इंडियन शेजारी ३१ ऑक्टोबरला, आणि आम्ही आईला विचारून १ तारखेला केलं. नंतर एकाने सांगितलं की तुमचं चुकलं. खरंच चुकलं का?
– न्यू जर्सीहून

देवी रागावली नसेल, पण गणिताने बघितलं तर हो, चुकलं.

त्याआधी एक मुद्दा क्लिअर करू. मगाशी हजेरी सूर्योदयाला म्हटलं, पण ती दिवसाच्या नावापुरती. सणाची हजेरी प्रत्येकाची वेगळी. गणपती बसवायचे तर मध्यान्हाला चतुर्थी हवी, रामनवमीलाही मध्यान्ह, कृष्णजन्म आणि महाशिवरात्रीला मध्यरात्र, आणि लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळ म्हणजे सूर्यास्तानंतरचे दोन-अडीच तास, तेव्हा अमावस्या पाहिजे.

त्या वर्षी अमावस्या लागली ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या जरा आधी आणि संपली १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास. आता ३१ ला संध्याकाळी तर अमावस्या फुल आहेच. पण १ तारखेला मुंबईत सूर्य मावळला साधारण सहा वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे तिथेही सूर्यास्तानंतर दहा-अकरा मिनिटं अमावस्या आहे. थोडक्यात दोन्ही संध्याकाळी हजर! मग कुठला दिवस घ्यायचा? आपल्याकडचे पंचांगकर्ते म्हणाले, दोन्ही दिवशी प्रदोषात कमीजास्त अमावस्या असेल तर दुसरा दिवस घ्यावा असं शास्त्रवचन आहे, सबब १ नोव्हेंबर. उत्तरेतल्या बऱ्याच पंडितांचं म्हणणं की पूर्ण प्रदोष आणि पूर्ण रात्र अमावस्या ३१ लाच आहे, दुसऱ्या दिवशीच्या दहा मिनिटांना काय घेऊन बसलात. अमावस्येच्या वेळेबद्दल कुणाचंच भांडण नव्हतं बरं का, ती सगळ्यांची सारखीच होती. भांडण नियमाचं होतं. अशा भांडणांसाठीच आपल्याकडे निर्णयाचे ग्रंथ झाले, पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु १७९० चा, त्यातही आधी कोण काय म्हणतो हे सांगून मग निवाडा दिलेला असतो, वाचताना कोर्टाचं जजमेंट वाचल्यासारखं वाटतं.

आता तुमचं बघू. तिथी संपण्याचा क्षण अख्ख्या पृथ्वीवर एकच असतो, फक्त तुमच्या भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा वेगळी वेळ असते. त्या आठवड्यात तुमच्याकडे समर टाइम चालू होता, म्हणजे तुम्ही भारताच्या साडेनऊ तास मागे. आपल्याकडची १ तारखेची संध्याकाळची सव्वासहा म्हणजे तुमची १ तारखेची सकाळची पावणेनऊ! तुम्ही संध्याकाळी नवीन साडी नेसून, लाह्या-बत्तासे मांडून पूजेला बसलात तोपर्यंत अमावस्या संपून नऊ-दहा तास होऊन गेलेले, प्रतिपदा चालू होती. तुमच्या गावात ३१ ची संध्याकाळ हीच एकमेव अमावस्येची संध्याकाळ होती, नियम महाराष्ट्राचा लावा नाहीतर काशीचा लावा, उत्तर एकच. शेजाऱ्यांचं बरोबर आलं, भले त्यांनीही ते भारतातल्या व्हॉट्सॲपवरून उचललेलं असेल.

म्हणून परदेशातल्या सगळ्यांना सांगते, आईला फोन जरूर करा पण तारीख विचारायला नको, चकली का मऊ पडली ते विचारायला करा. तारीख तुमच्या गावाच्या सूर्योदय-सूर्यास्तावर काढलेल्या पंचांगातून घ्या, हल्ली ॲपमध्ये लोकेशन बदलता येतं.

माझा मुलगा २००४ च्या अधिक श्रावणात झाला. तिथीने वाढदिवस करायचा तर अधिक श्रावण येईपर्यंत थांबायचं का? आजी म्हणते याचा वाढदिवस १९ वर्षांनी एकदाच!
– छत्रपती संभाजीनगर

आजी खोडकर आहेत, पण त्यांचा आकडा चुकीचा नाही.

चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ चं, दरवर्षी ११ दिवसांची उधारी. नुसतं चंद्रावर सोडलं तर दिवाळी सरकत सरकत पावसाळ्यात जाईल, मग उन्हाळ्यात. म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना एक्स्ट्रा टाकून उधारी फेडायची. कुठला महिना टाकायचा हे कोणी मीटिंग घेऊन ठरवत नाही, नियम आहे: दोन अमावस्यांच्या मधे सूर्याने रास बदलली नाही, म्हणजे संक्रांतच झाली नाही, तर तो महिना अधिक. आणि उन्हाळ्या-पावसाळ्याच्या दिवसांत सूर्य हळू चालतो, एका राशीत ३१ दिवसांहून जास्त रमतो, त्यामुळे अधिक महिने बहुतेक चैत्र ते आश्विन याच पट्ट्यात येतात. तुम्ही कधी अधिक पौष ऐकलाय का?

आता १९ चं काय, तर १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्र महिने जवळजवळ तंतोतंत जुळतात, तासा-दोन तासांचा फरक. त्यामुळे २००४ चा अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट होता आणि २०२३ चा अधिक श्रावणही १८ जुलै ते १६ ऑगस्टच! तसाच २००७ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आणि २०२६ चाही तोच. मला तर हे बघितलं की अजून अंगावर काटा येतो.

वाढदिवसाला मात्र थांबायचं कारण नाही, ज्या वर्षी अधिक नसेल त्या वर्षी साध्या श्रावणात त्याच तिथीला औक्षण करा. केक तारखेला, औक्षण तिथीला, मुलाला दोन्हीकडून गिफ्ट, तो कशाला तक्रार करेल.

संक्रांत १४ जानेवारीलाच का असते, आणि मग मधूनच १५ का होते? आमचे सर म्हणायचे पानिपत संक्रांतीलाच झालं, म्हणून 'संक्रांत कोसळली' म्हणतात.
– कराड

आपले बाकीचे सण चंद्राचे, संक्रांत सूर्याची, म्हणून ती इंग्रजी तारखेला चिकटून राहते. पण अगदी चिकटत नाही. सूर्य परत त्याच ताऱ्यांपाशी यायला ३६५ दिवस आणि वर सहा तास नऊ मिनिटं लागतात. त्यामुळे २०२५ ला सूर्य मकरेत गेला सकाळी नऊच्या सुमारास, २०२६ ला दुपारी तीनच्या, २०२७ ला रात्री नऊनंतर. सूर्यास्तानंतर गेला की पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी, म्हणून २०२७ ची संक्रांत १५ ला. मग २०२८ च्या लीप वर्षात २९ फेब्रुवारी येतो आणि गाडी परत मागे ओढतो. हे चार वर्षांचं झुलणं झालं. त्याच्या खाली एक हळू सरकणं आहे, अयनचलनाचं (पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, त्यामुळे होणारं), साधारण ७२ वर्षांत एक दिवस. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, त्या दिवशी मकरसंक्रांत होती. बघा कुठून कुठे आली.

आणि आता तुमच्या सरांचं. पानिपताची लढाई १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. आपण आजची १४ तारीख डोक्यात धरून तिला संक्रांत म्हणतो. पण १८६३ ला जी १२ ला होती ती त्याच्या शंभर वर्षं आधी १४ ला कशी असेल? उलट गणित केलं की १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे संक्रांत होऊन चार दिवस झाल्यावर लढाई झाली. मी हे एकदा हळदीकुंकवाला बोलले तर एक काकू इतक्या नाराज झाल्या की वाण देताना माझ्याकडे बघितलं पण नाही.

शनिवारनंतर रविवारच का येतो? (वय वर्षे ११, सातारा)

बाळा, जुन्या लोकांनी ग्रह हळू ते फास्ट असे लावले: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे २४ तास, म्हणजे २४ होरा, एकेकाला वाटत गेले. पहिला होरा ज्याचा, त्याचा तो वार. शनिवारी पहिला शनी, मग मोजत जा, २२ वा परत शनी, २३ वा गुरू, २४ वा मंगळ, आणि दुसऱ्या दिवशीचा पहिला रवी! आता रविवारपासून सुरू करून सोमवार येतो का बघ आणि मला कळव.

मुलाला फ्लॅटचं टोकन द्यायचं होतं, तर सुनेच्या ॲपवर राहुकाळ. एजंट खाली गाडीत बसलेला आणि आम्ही वर दीड तास चहा पीत बसलो. आमच्या लहानपणी हा राहुकाळ कुठे होता हो?
– ठाणे

नव्हताच फारसा. राहुकाळ मूळचा दक्षिणेकडे जोरात, चौघडिया म्हणजे दिवसाचे शुभ-अशुभ भाग, तो गुजराती-राजस्थानी मंडळींचा, आपल्याकडे जुनी माणसं अमावस्या टाळायची, भद्रा बघायची (ती काय ते पुढे सांगते), व्यतिपात-वैधृति हे पंचांगातले दोन अशुभ योग बघायची आणि कामाला लागायची. मोबाइल आल्यापासून सगळं सगळीकडे पोचलं.

आता पाळायचाच असेल तर निदान बरोबर पाळा. राहुकाळ म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे आठ भाग करून त्यातला वाराप्रमाणे एक. सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा, रविवारी आठवा. लोक पाठ करतात ते 'सोमवारी साडेसात ते नऊ' हे सहाला उजाडतं आणि सहाला मावळतं असं धरून. मुंबई-ठाण्याला जानेवारीच्या मध्यावर सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास आणि दिवस साधारण ११ तास ६ मिनिटांचा, म्हणजे एक भाग ८३ मिनिटांचा, सोमवारचा राहुकाळ आला आठ सदतीस ते दहा. तुम्ही साडेसात ते नऊ थांबलात आणि सव्वानऊला निर्धास्त होऊन टोकन दिलंत, तर ऐन राहुकाळात दिलंत की! मला स्वतःला विचाराल तर एजंटला खाली ताटकळत ठेवणं जास्त अशुभ.

भद्रेचंही सांगते, कारण दरवर्षी राखीला फॉरवर्ड फिरतात, 'यंदा राखीवर भद्रेचं सावट, कित्येक वर्षांनी दुर्मिळ योग'. करण म्हणजे अर्धी तिथी. त्यातलं विष्टी नावाचं करण म्हणजे भद्रा, आणि पौर्णिमेचा पहिला अर्धा भाग हा नेहमी, म्हणजे नेहमीच, विष्टीचा असतो. दुर्मिळ कसलं डोंबल! प्रश्न फक्त एवढाच की तो अर्धा भाग रात्री झोपेत निघून जातो की दिवसा येतो. २०२३ ला तो ३० ऑगस्टला सकाळी अकराला सुरू होऊन रात्री नऊपर्यंत चालला म्हणून ओरड झाली.

माहेरी दाते पंचांग, सासर कोकणातलं, तिथे टिळक पंचांग. २०२३ ला सासरचे गणपती ऑगस्टमध्येच येऊन गेले आणि माहेरचे सप्टेंबरमध्ये! दोन्हीकडे मोदक खाल्ले ते सोडा, पण आकाश एक असताना पंचांगं दोन कशी?
– रत्नागिरी

मोदक सोडा कशाला, तोच तर फायदा.

आपल्याकडे पंचांगाचं गणित कित्येक पिढ्या ग्रहलाघवावरून व्हायचं. कोकणातल्या मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो १५२० साली लिहिला, आणि त्यात असली आयडिया केली की किचकट ज्या-कोज्या न वापरता साध्या गुणाकार-भागाकारात ग्रह काढता येतील. पण तीनशे-साडेतीनशे वर्षांत बारीक बारीक चुका साचत गेल्या, आकाशात दिसणारं आणि कागदावरचं जुळेना. मग १९ व्या शतकात गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्र्यांपासून सुधारणा सुरू झाल्या, पुढे लोकमान्यांनी हा विषय हातात घेतला, परिषदा भरल्या, आणि मोठा वाद राहिला तो हा, की राशिचक्राचा शून्य कुठून धरायचा. टिळक पक्षाने रेवतीतल्या एका ताऱ्यापासून धरला, दुसऱ्यांनी चित्रेच्या ताऱ्याच्या बरोबर समोरून. दोन शून्यांत फरक साधारण चार अंशांचा. सोलापूरचं दाते पंचांग शके १८३८ म्हणजे १९१६ पासूनचं, आज ते चित्रा पक्षाचं, आणि घराघरातलं कॅलेंडरही त्याच बाजूचं.

आता गंमत बघा. तिथी दोन्हीकडे सारखीच येते! कारण तिथी म्हणजे चंद्र वजा सूर्य, वजाबाकीत शून्य कुठेही धरा, उत्तर बदलत नाही. पण सूर्याने रास कधी बदलली हे मात्र चार अंशांनी म्हणजे चार दिवसांनी बदलतं, म्हणून तुमच्या सासरी संक्रांतही १० जानेवारीला येत असेल. आणि संक्रांत बदलली की अधिक महिना बदलला. २०२३ ला १८ जुलै ते १६ ऑगस्ट या महिन्यात दात्यांच्या हिशोबाने एकही संक्रांत नव्हती म्हणून तो अधिक श्रावण. टिळकांच्या हिशोबाने त्यात सिंह संक्रांत येऊन गेली, म्हणून तो नेहमीचा श्रावण, आणि लगेच पुढची शुद्ध चतुर्थी, २० ऑगस्ट, ती भाद्रपदातली. माहेरी ती चतुर्थी निज म्हणजे अधिकनंतरच्या खऱ्या श्रावणातली आणि गणपती १९ सप्टेंबरला. चतुर्थी दोन्हीकडे चतुर्थीच होती, महिन्याचं नाव फक्त वेगळं.

आमच्या घरी मेमध्ये लग्न आहे, मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा. एवढा मिनिटावर मुहूर्त कसा काढतात, आणि दोन मिनिटं इकडेतिकडे झालं तर?
– वधूपिता, कोल्हापूर

अभिनंदन! शब्दाचा मूळ अर्थ बघितला तर एक मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं, दोन घटका. दिवसरात्रीच्या ६० घटका, एक घटका २४ मिनिटांची, आणि ६० पळांची एक घटका. म्हणजे 'घटकाभर बसा हो' म्हणणाऱ्या यजमानाकडे २४ मिनिटं बसायला हरकत नाही आणि 'पळभर थांब' म्हटलं तर २४ सेकंद.

मिनिटावरचा आकडा येतो तो लग्नावरून. लग्न म्हणजे मुळात पूर्वेला त्या क्षणी उगवत असलेली रास, त्यावरूनच आपल्या अख्ख्या समारंभाला लग्न हे नाव पडलं. २४ तासांत १२ राशी उगवतात, एकेक साधारण दोन तास. तिचे नऊ भाग केले की नवमांश, सरासरी १३ मिनिटांचा. गुरुजी चांगला नवमांश बघून त्यातली वेळ देतात. म्हणजे दोन मिनिटांनी आभाळ कोसळत नाही. पण बारा सदतीसचे एक वीस करू नका, तोपर्यंत ती रासही उगवून गेलेली असू शकते.

माझ्या मावसबहिणीच्या लग्नात गुरुजींनी हौसेने घटिकापात्र आणलं होतं. तांब्याची छोटी वाटी, बुडाला सुईच्या अग्राएवढं भोक, पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडलेली. भोकातून पाणी हळूहळू वर येतं, वाटी जड होते, आणि २४ मिनिटांनी एकदम गुडुप. 'घटका भरली' म्हणतात ते हेच. आम्ही पोरं घंगाळाभोवती उकिडवी बसलो होतो डोळे लावून. वाटी बुडायच्या बेतात आली आणि कळलं की नवरदेवाच्या बसचं टायर घाटात पंक्चर झालंय. गुरुजींनी घंगाळाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, वाटी गुपचूप उचलली, पाणी झटकलं आणि परत तरंगत सोडली. दुसऱ्यांदा बुडत आली तेव्हा वऱ्हाड हॉलच्या दारात होतं आणि माझ्या दोन आत्या सातवं मंगलाष्टक इतकं ताणून म्हणत होत्या की अंतरपाट धरणाऱ्या मामांचे हात थरथरायला लागले. सावधान झालं आणि वाटी बुडाली, एकाच वेळी. कितीव्यांदा ते फक्त आम्हा पोरांना माहीत होतं.